सोनेरी पाठ बघून नाव ठोकू नका: सुतार पक्षी शोधायची आणि ओळखायची पद्धत, सोलापूर ते दांडेली

जानेवारी उजाडला की आपल्याकडचे बरेच जण कॅमेरा उचलून दांडेली, गणेशगुडी, आंबोली, राधानगरी असं कुठंतरी निघतात आणि परत आल्यावर ग्रुपवर फोटो पडतात, खोडाला चिकटलेला लाल तुऱ्याचा सोनेरी पक्षी, खाली लिहिलेलं "सोनपाठी सुतार". त्यातले बरेच फोटो सोनपाठीचे नसतातच. सोलापुरात कडुनिंबावर रोज दिसणारा एकच सोनेरी सुतार असतो म्हणून डोक्यात बसलेलं असतं की सोनेरी पाठ म्हणजे सोनपाठी. पण सह्याद्रीच्या पट्ट्यात सोनेरी पाठीचे चार सुतार आहेत आणि चौघांच्याही नरांना लाल तुरा आहे, म्हणजे पाठ आणि तुरा या ज्या दोन गोष्टी आपण सगळ्यात आधी बघतो त्या दोन्ही इथं निरुपयोगी. मग बघायचं काय आणि कुठल्या क्रमानं, तेवढंच खाली लिहिलंय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण हा पक्षी समोर चार-पाच सेकंद थांबतो आणि तेवढ्यात चुकीच्या जागी बघितलं की संपलं.

## टप्पा १: निघायच्या आधीची तयारी

दुर्बीण. नवीन घेणार असाल तर ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटर रुंद असलेली. दुकानदार १०×४२ गळ्यात मारायला बघतो, "सर जास्त झूम आहे" म्हणतो, पण दाट झाडीत झूमपेक्षा उजेड आणि रुंद चित्र जास्त कामाचं. ४२ ला ८ नं भागलं की सव्वापाच येतात, १० नं भागलं की चार पूर्णांक दोन, हा आकडा म्हणजे डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या गोलाची रुंदी मिलिमीटरमध्ये. सकाळी साडेसहाला जंगलाच्या सावलीत हा फरक चांगलाच कळतो. शिवाय १० मध्ये हात हलला की चित्र जास्त हलतं.

दुर्बीण डोळ्याला बसवणं. हे बहुतेक जण करतच नाहीत, दुसऱ्याची घेतात, डोळ्याला लावतात आणि "धूसर दिसतंय" म्हणून परत देतात. घरीच करा, गच्चीवर जा आणि

१. दोन नळ्या जवळ-लांब करून दोन गोलांचा एकच गोल दिसेपर्यंत हलवा.
२. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत दाबा, नसेल तर बाहेर काढा.
३. उजवी नळी पुढून हातानं झाका, डाव्या डोळ्यानं लांबच्या पाटीवरची अक्षरं मधल्या चाकानं स्पष्ट करा.
४. आता डावी झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची रिंग फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा.
५. ती रिंग कुठल्या खुणेवर थांबली ते लक्षात ठेवा. पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

मोबाईल. पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन ॲप टाका आणि भारतातल्या पक्ष्यांचा पॅक घरच्या वायफायवरच डाउनलोड करून ठेवा, दांडेलीकडच्या काळी नदीच्या खोऱ्यात गेल्यावर नेटवर्कच्या नावानं बोंब असते. एक छोटी वही आणि पेन्सिल पण घ्या, का ते टप्पा ७ मध्ये.

कपडे आणि डबा. मातकट किंवा मळकट हिरवा रंग, पांढरा टी-शर्ट नको. नोव्हेंबर ते मे बरा काळ, पावसाळ्यात त्या भागात जळवा असतात आणि पानं इतकी दाट की खोडच दिसत नाही. डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, टिकतं चांगलं, फक्त ती भाकरी झाडाखाली बसून मोडू नका, तिचा आवाज सुताराच्या टकटकीच्या वर जातो.

> तपासा: घराच्या गच्चीवरून समोरच्या झाडावरचा कावळा तीन सेकंदात दुर्बिणीत पकडता येतो का? नजर पक्ष्यावरच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यापर्यंत आणायची, खाली बघून दुर्बीण उचलायची नाही. हे जमत नसेल तर अजून आठवडाभर कावळेच बघा.

## टप्पा २: आधी सोलापुरातला सोनपाठी पाठ करा

जंगलात चार वेगळे सुतार ओळखायचे असतील तर त्यातला एक तरी डोळे झाकून ओळखता आला पाहिजे आणि तो आपल्या दारात आहे. सिद्धेश्वर वनविहार, संभाजी तलावाचा परिसर, रेल्वे लाइन्सकडची जुनी मोठी झाडं, आणि खरं तर जिथं कडुनिंब, चिंच, रेन ट्री, गुलमोहर आहेत तिथं कुठंही. नान्नजला मात्र यासाठी जाऊ नका, ते गवताळ माळरान आहे, तिथं माळढोक आणि चंडोल शोधायचे असतात, खोडावर चढणाऱ्याला खोड लागतं.

वेळ सकाळी सूर्य उगवल्यापासून दोन तास. मार्च-एप्रिलमध्ये तर नऊनंतर थांबूच नका, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीये आणि पक्ष्यालाही माहितीये. फेब्रुवारीच्या आसपास कडुनिंबाची पानं गळतात तेव्हा सगळ्यात सोपं पडतं, फांदी न् फांदी उघडी असते.

सोनपाठी दिसला की फोटो काढायची घाई न करता या गोष्टी बघा. पाठ सोनेरी पिवळी. शेपटीच्या अगदी वरचा भाग, ज्याला आपण सरळ बूड म्हणू, तो काळा. मानेची मागची बाजू काळी. गळा काळा आणि त्यावर पांढऱ्या बारीक रेघा-ठिपके. डोळ्यातून मागं जाणारा काळा पट्टा, पण चोचीपासून खाली येणारी ठळक मिशी नाही. नराचं डोकं कपाळापासून मागपर्यंत लाल. मादीचं कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके, आणि लाल रंग फक्त मागच्या तुऱ्यावर. लांबी साधारण २६ ते २९ सेंमी, म्हणजे साळुंकीपेक्षा चांगलाच मोठा.

ॲपमध्ये याचं नाव ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक असं येतं, फ्लेमबॅक म्हणजे सोनेरी पाठीचा सुतार. नावातच बूड काळं म्हटलंय आणि नेमकं तेच कोणी बघत नाही.

दुसरा घरचा पक्षी म्हणजे मराठा सुतार, पिवळ्या डोक्याचा. हा लहान, १७-१८ सेंमी, काळपट तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, कपाळ पिवळं, नराच्या डोक्याची मागची बाजू लाल आणि पोटाच्या मध्ये एक लाल डाग जो क्वचितच नीट दिसतो. बाभळीवर, बांधावरच्या विरळ झाडांवर बघा. हा फारसा आरडाओरडा करत नाही म्हणून सुटतो. शहरात नाही दिसला तर गावाकडं जुन्या बाभळीचं बन असेल तिथं सकाळी एक तास शांत बसा.

> सावधान: रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून उभं राहिलं की कोणीतरी येऊन "काय बघालाव ओ?" विचारणारच. दुर्बीण घरांच्या खिडक्यांकडं वळवू नका आणि विचारणाऱ्यालाही पक्षी दाखवा, नाहीतर सकाळ भांडणात जाते.

## टप्पा ३: जे सुतार नाहीत ते आधी बाजूला काढा

ही पायरी लोक गाळतात आणि मग सगळं पुढचं चुकतं.

हुदहुद. याला आपल्याकडं कित्येक जण बिनधास्त "सुतार पक्षी" म्हणतात. डोक्यावर पंख्यासारखा तुरा, लांब वाकडी चोच, काळे-पांढरे पट्टे. हा जमिनीवर चालत माती टोचतो. खोडावर चढून लाकूड फोडत नाही. सुताराची चोच सरळ छिन्नीसारखी असते.

तांबट. टुक-टुक-टुक असा एकसारखा आवाज ऐकून "सुतार टोचतोय" म्हणणारे भरपूर. तो तांबटाचा गळ्यातून येणारा आवाज आहे, झाडाच्या शेंड्यावर बसून काढलेला. सुताराची टोचणी लाकडावरची असते, लय तुटक, मध्येच थांबते, आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला जोडीदाराला बोलावताना किंवा हद्द सांगताना तो पोकळ फांदीवर सलग ढोलासारखा वाजवतो. तांबट मेलेल्या फांदीत बीळही कोरतो त्यामुळं बिळावरून नाव ठरवू नका.

टकाचोर. लांब शेपटीचा, तपकिरी, फांद्यांवर उड्या मारतो, कधीकधी खोडाला लटकतोसुद्धा. खोडावर टेकून बसत मात्र नाही.

शिलींध्री. हिच्यामुळं जंगलात सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून नीट वाचा. सुतार चढताना ताठ शेपटीची काठी करून खोडावर टेकतो, दोन बोटं पुढं दोन मागं असतात, त्यामुळं तो वर चढतो किंवा आडवा सरकतो, खाली यायचं झालं तर तोंड वरच ठेवून मागं-मागं घसरतो. शिलींध्री शेपटीचा आधार घेतच नाही, फक्त पायांवर चढते, म्हणून ती डोकं खाली करून सरळ खोडावरून उतरते. म्हणजे पक्षी उलटा, डोकं जमिनीकडं करून उतरतोय असं दिसलं तर सुतार बाद करा आणि शिलींध्री धरा. दांडेलीकडं दिसणारी मखमली शिलींध्री जेमतेम साडेबारा सेंमी, निळी-जांभळी, कपाळ काळं मखमली, चोच लाल. नराच्या डोळ्यामागं भुवईसारखी काळी रेघ असते, मादीला नसते.

> तपासा: चढताना शेपटी खोडाला टेकते का? तोंड वर आहे का? दोन्हीचं उत्तर हो असेल तरच पुढच्या टप्प्यावर जा.

## टप्पा ४: जंगलात पक्षी शोधणं

सोलापूरहून विजापूर, हुबळी असा राष्ट्रीय महामार्ग ५२ धरला की हुबळीपासून दांडेलीचा फाटा पकडायचा. दुपारी पोचलात तर संध्याकाळी लगेच जंगलात पळू नका, राहायच्या जागेच्या आवारात फिरा, तिथल्या मोठ्या झाडांवर बरंच काही मिळतं. गणेशगुडीचं ओल्ड मॅगझिन हाऊस पक्ष्यांच्या फोटोसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथल्या पाण्याच्या भांड्यांवर येणारे पक्षी बहुतेक बुलबुल, माशीमार वगैरे असतात, सुतारासाठी मान वर करून खोडंच बघावी लागतात. तो सगळा परिसर काळी व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे त्यामुळं मनानं पायवाट धरून आत शिरायचं नाही, स्थानिक गाइड घ्या, ज्याला कुठलं वाळलेलं झाड कोणाचं ते माहिती असतं.

शोधायचा क्रम असा ठेवा.

१. आधी थांबा आणि ऐका. गाडीतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. तीन प्रकारचे आवाज वेगळे करा, टोचणी, ढोल आणि हाक. टोचणी हळू असेल तर पक्षी बहुतेक जवळच आहे कारण लांबून ती ऐकू येतच नाही. ढोल लांबून येतो, त्यामागं धावू नका.

२. मिश्र थवा शोधा. सह्याद्रीच्या जंगलात सकाळी किडे खाणारे वेगवेगळे पक्षी एकत्र फिरतात, गोमेट, माशीमार, शिलींध्री, सुतार, आणि बऱ्याचदा भृंगराज. अर्धा तास जंगल रिकामं आणि मग एकदम पाच मिनिटं झाडाझाडावर हालचाल, असंच असतं. भृंगराजाची लांब तारेसारखी शेपटी दिसली की तिथंच उभं राहा आणि आसपासची खोडं बघायला लागा.

३. जमिनीवर बघा. झाडाच्या बुंध्याशी ताजा लाकडाचा भुगा, सोललेली साल, खोडावर मुंग्यांची रांग. ताजा भुगा फिकट असतो, जुना काळवंडलेला.

४. फुललेली झाडं. जानेवारी ते मार्चमध्ये काटेसावर, पांगारा, पळस फुलतात आणि सुतार तिथं मध प्यायलाही येतात. पानं नसतात त्यामुळं बघायला एकदम मोकळं.

५. खोड खालून वर बघा. बरेच जण शेंड्यावर बघत बसतात. सुतार बहुतेक वेळा खोडावर खालून चढत जातो, वर पोचला की पुढच्या झाडावर बऱ्यापैकी खाली जाऊन बसतो. म्हणून उडाला तर पुढच्या झाडाचा शेंडा सोडा, मधला आणि खालचा भाग बघा.

६. तो लपला तर पळू नका. सुताराला माणूस दिसला की तो खोडाच्या पलीकडं सरकतो. तुम्ही फिरून गेलात की तो परत अलीकडं. दोघं असाल तर एकानं हलायचंच नाही आणि दुसऱ्यानं लांबून वळसा घालायचा. एकटे असाल तर जागेवर थांबा आणि तो दिसला होता त्याच्या हातभर वर नजर ठेवा, तिथूनच डोकं बाहेर काढतो.

> सावधान: फक्त आवाजावरून नाव ठरवू नका. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो. ॲपनं आवाज ऐकून नाव दाखवलं तरी पक्षी डोळ्यानं बघितल्याशिवाय ते "शक्यता" एवढंच समजा.

> सावधान: मोबाईलवर सुताराचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. विणीचे महिने असतात, तो हद्द सांभाळायला पिल्लं-अंडी सोडून येतो. स्पीकर काढणारा ग्रुपमध्ये असेल तर त्याला सांगा, आणि ऐकत नसेल तर तुम्ही दुसऱ्या गाडीत बसा.

## टप्पा ५: दोन प्रश्न, चार पक्षी

आता मुख्य मुद्दा. सोनेरी पाठीचा सुतार समोर आलाय. तुरा बघू नका. तुऱ्यावरून फार तर नर-मादी कळेल. फक्त दोन जागा बघा, मानेची मागची बाजू आणि बूड.

- मान मागून काळी, बूड काळं: आपला सोनपाठी.
- मान मागून काळी, बूड लाल: कॉमन फ्लेमबॅक.
- मान मागून पांढरी, बूड लाल: ग्रेटर फ्लेमबॅक, सह्याद्रीतल्याला काही याद्यांमध्ये मलबार फ्लेमबॅक असं वेगळं नाव दिलेलं असतं.
- मान मागून पांढरी, बूड काळं: व्हाइट-नेप्ड, म्हणजे पांढऱ्या मानेचा.

एवढंच. हे चार ओळींचं गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पण यात एक खोच आहे आणि तिथंच माणसं अडकतात. पक्षी शांत बसलेला असताना मिटलेले पंख बऱ्याचदा बूड झाकतात. मग काय करायचं, तर तो उडेपर्यंत दुर्बीण खाली घ्यायची नाही. उडायच्या क्षणी पंख उघडतात आणि लाल बूड असेल तर असं लख्ख दिसतं की शंका राहत नाही. लोक नेमकं दोन-चार फोटो मिळाले की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघायला खाली मान घालतात आणि तेवढ्यात तो जातो.

मान मात्र बसलेला असतानाही दिसते, कारण तो पाठ आपल्याकडं करूनच चढत असतो. म्हणून मान आधी, बूड नंतर.

मानेवरून दोनच पर्याय उरले की चेहरा बघा. कॉमन फ्लेमबॅकला चोचीपासून खाली जाणारी एकच काळी मिशी आणि गळा सोनपाठीसारखा काळा नाही, पांढरट. ग्रेटरला मिशीच्या दोन काळ्या रेघा आणि मध्ये पांढरं, म्हणजे एक बंद फास दिसतो. शिवाय ग्रेटर अंगानं मोठा, ३३ सेंमीच्या आसपास, चोच लांब आणि दणकट, डोळा फिकट. कॉमनचा डोळा गडद. डोळ्याचा रंग जवळून फोटो मिळाला तर फार उपयोगी पडतो. कॉमनला पायाला तीनच बोटं असतात हेही खरं, पण खोडावरच्या पक्ष्याची बोटं मोजायला बसाल तर बाकी सगळं सुटेल, ते फोटोवर घरी बघा.

पांढऱ्या मानेचा सुतार ओळखायला खरं तर सोपा आहे, पांढरा पट्टा मानेवरून पाठीवर उतरतो आणि दोन्ही खांद्यांच्या काळ्यामध्ये त्रिकोण तयार होतो. हा दाट ओल्या जंगलापेक्षा कोरड्या पानझडीत जास्त, त्यामुळं दांडेलीच्या सदाहरित भागात तो "दिसला" तर परत एकदा बूड तपासा, बहुतेक ग्रेटर निघेल.

मादीचं डोकं आता बघा, कारण माद्यांमध्ये डोकं खरंच कामाला येतं. सोनपाठीची मादी, कपाळ काळं ठिपकेदार पण मागचा तुरा लाल. कॉमनची मादी, पूर्ण काळं डोकं आणि पांढऱ्या रेघा. ग्रेटरची मादी, काळं डोकं आणि पांढरे ठिपके. पांढऱ्या मानेच्या मादीचं डोकं चक्क पिवळं. पिवळं डोकं आणि सोनेरी पाठ एकत्र दिसलं तर दुसरा पर्यायच नाही.

> सावधान: सावलीत सोनेरी पाठ शेवाळी हिरवी दिसते आणि संध्याकाळच्या उन्हात तांबूस. म्हणून हिरवा सुतार बघितल्यासारखं वाटलं तर पक्षी उजेडात येईपर्यंत थांबा. खरे हिरवे सुतारही तिथं आहेत, मानेमागं पिवळा तुरा असलेला लेसर यलोनेप, आणि पोटावर खवले, पिवळं बूड असलेला स्ट्रीक-थ्रोटेड, जो मुंग्या शोधत जमिनीवरही उतरतो.

## टप्पा ६: बाकीचे, थोडक्यात

हे एकदा नीट दिसले की सहसा चुकत नाहीत, फक्त काय अपेक्षित आहे ते माहिती पाहिजे.

पाठीवर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके असलेला छोटा, काळा-पांढरा सुतार म्हणजे हार्ट-स्पॉटेड. १६ सेंमीच्या आसपास, शेपटी इतकी आखूड की तुटल्यासारखी वाटते आणि तुरा डोक्यापेक्षा मोठा. याला मोठ्या खोडावर शोधू नका, वरच्या बारीक फांद्यांवर असतो. मादीचं कपाळ पांढरट, नराचं काळं. लोक याला बघून "कुठलं तरी पिल्लू" म्हणतात.

पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार म्हणजे व्हाइट-बेलीड, जवळजवळ ४८ सेंमी, कावळ्याएवढा. उडताना पांढरं बूड दिसतं. नराचं सगळं डोकं वरून लाल आणि गालावर लाल मिशी, मादीला लाल फक्त मागं. उंच जुनी झाडं असलेल्या जागीच. याचा ढोल लांबवर जातो. कावळा खोडाला उभा चिकटत नाही एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तांबूस सुतार, रूफस, विटकरी रंगाचा, २५ सेंमी, झाडावर लटकलेल्या मुंग्यांच्या घरट्याजवळ शोधा कारण तो त्या मुंग्यांच्या घरट्यातच स्वतःचं घरटं करतो. जंगलात काळपट गोळ्यासारखी मुंग्यांची घरटी दिसली की गाइडला तिथं थांबायला सांगा.

सगळ्यात छोटा ब्राउन-कॅप्ड पिग्मी, १३ सेंमी, चिमणीएवढा, तपकिरी टोपी आणि पाठीवर आडवे पांढरे पट्टे. हा अगदी बोटाएवढ्या फांदीवर टोचत असतो. मराठा सुताराशी घोटाळा होतो, तेव्हा डोकं बघा, पिवळं की तपकिरी.

## टप्पा ७: फोटो आणि नोंद, याच क्रमानं

१. आधी कसाही एक फोटो. फ्रेम, फोकस काही बघू नका. तो पुरावा.
२. मग पाठीचा. सगळ्यांना चेहऱ्याचा फोटो हवा असतो, पण टप्पा ५ वाचलात तर कळेल, ओळख पाठीवर आहे.
३. मग चेहरा, बाजूनं. मिशी आणि डोळा दिसेल असा.
४. उडताना सलग शॉट. बर्स्ट मोड चालू ठेवा, शटर १/१००० किंवा जास्त, आयएसओ १६००-३२०० ला घाबरू नका, दाणेदार फोटोवर पक्षी ओळखता येतो, हललेल्या फोटोवर नाही.
५. पक्षी आकाशाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर असेल तर एक्स्पोजर एक घर वर घ्या, नाहीतर फक्त काळी सावली मिळते आणि मग "बूड काळं होतं" असं सगळ्याच पक्ष्यांबद्दल वाटायला लागतं.

कॅमेरा नसेल तर वहीत लगेच एक वेडंवाकडं चित्र काढा आणि बाण करून फक्त चार गोष्टी लिहा, मान, बूड, मिशी, मादी की नर. ॲप उघडायच्या आधी लिहा. हा नियम मोडला की माणूस ॲपमधलं चित्र बघतो आणि मग तेच आपण बघितलं होतं असं त्याला मनापासून वाटायला लागतं. वादावादी सगळी इथूनच सुरू होते, आणि ती मग संध्याकाळच्या जेवणापर्यंत चालते.

घरटं सापडलं तर फोटोसाठी समोरची फांदी वाकवायची किंवा तोडायची नाही, बिळासमोर दहा मिनिटांच्या वर उभं राहायचं नाही. पालक किडा तोंडात धरून बाजूच्या झाडावर ताटकळतोय असं दिसलं तर तुम्ही जास्त जवळ आहात. आणि घरट्याची नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथं गर्दी होते.

## टप्पा ८: परत आल्यावर

फोटो नाव देऊन टाकण्याआधी ॲपच्या ओळखीला पूर्ण भाव देऊ नका. मर्लिनला फक्त समोरून घेतलेला अंधारातला फोटो दिला तर तो चार फ्लेमबॅकपैकी कुठलाही दाखवू शकतो. पाठीचा फोटो द्या, जागा आणि तारीख बरोबर टाका, आणि मग त्यानं दाखवलेलं नाव टप्पा ५ च्या दोन प्रश्नांवर स्वतः तपासा. मान जुळते का, बूड जुळतं का. एक जरी जुळत नसेल तर ॲप चुकलंय.

दोन्हीपैकी एकच दिसलं असेल, समजा मान काळी दिसली पण बूड दिसलंच नाही, तर तो सोनपाठी असेल नाहीतर कॉमन, आणि यातला कुठला हे चेहऱ्याचा फोटो नसेल तर ठरत नाही. अशा वेळी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, नोंद करताना सरळ प्रजाती न ठरवलेला सुतार असा पर्याय निवडा, तो यादीत असतो, शेऱ्यात "मान मागून काळी, बूड दिसलं नाही" असं लिहा आणि फोटो जोडा. नंतर कोणी जाणत्यानं बघून नाव सांगितलं तर नोंद बदलता येते. अंदाजानं टाकलेलं नाव मात्र तसंच राहतं आणि पुढच्या हिवाळ्यात तीच यादी बघून दुसरा कोणीतरी त्याच झाडाखाली चुकीचा पक्षी शोधत उभा राहतो.